छांदिष्टांची मैत्री

प्रत्येक मनुष्यास कांहींना कांहीं खूळ असतेंच. कोणी शिंपले जमवितो, कोणी बेडकांचे आवाज ओळखतो; घरचीं माणसें हंसतात आणि तो बिचारा गप्प बसतो. १८८३ सालीं मुंबईंतील अशा आठ गृहस्थांनीं आपापलीं निरीक्षणें एकमेकांस सांगण्याचा प्रघात पाडला व त्यांतूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. मद्याचे व्यापारी फिप्सन हे तिचे चिटणीस. सोसायटीच्या कचेरींत ‘विल्यम’ नांवाचा धनेश पक्षी १८९४ पासून १९२० पर्यंत नांदला आणि पुढें संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच येऊन बसला!

अशा सांगण्याचें मोल कर्जत-खालापूरच्या डोंगरांत विशेष कळतें. माथेरानच्या उतारांवर कारवी वाढते. तिच्या काठ्यांवर माती लिंपून ठाकर व कातकरी घरांचे कूड उभारीत आले आहेत. साधारण सात वर्षें ती नुसती वाढते. आठव्या वर्षीं जांभळ्या फुलांनीं डोंगर झांकून टाकते, बीं धरते आणि मरते. एका आयुष्यांत असे बहर फार तर आठ-दहा. एकट्याच्या डोळ्यांनीं हा हिशोब कसा जुळावा? कोणता उतार कोणत्या सालीं फुलला, हें वाडीवरच्या एखाद्या वृद्धेस ठाऊक असतें. परंतु विचारणारा न भेटला, तर तें तिच्याबरोबरच जाईल.

म्हणून पावसाळा सरतां सरतां कर्जतला उतरणाऱ्यानें कारवी पाहावी, तिला विचारावें, स्थळ व दिनांक टिपावा आणि मित्रास कळवावें. मित्र हंसला, तरी टिपण राहील.