संकेतस्थळाचे नाव आणि शोधयंत्राचा निवाडा

(नागपूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उमरेड तालुक्यातील एखादा शेतकरी भ्रमणध्वनीवर ‘सातबारा नागपूर’ असे दोन शब्द शोधतो. ज्या संकेतस्थळाच्या नावातच हे शब्द आहेत ते सरकारी असणार, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु नावातील शब्द ही सरकारीपणाची खूण नव्हे.

एके काळी नावातील शब्दांना शोधयंत्रे बरेच महत्त्व देत. त्यामुळे लोक जे शब्द शोधतात तेच जोडून नाव घ्यावयाचे आणि आत निकस मजकूर भरावयाचा, असा धंदाच सुरू झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने अशा स्थळांचा वरचढपणा कमी केला. आज नावातील शब्दांचा क्रमावर फारसा परिणाम होत नाही. पानावरील मजकूर विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो काय आणि इतर विश्वसनीय स्थळे त्याकडे निर्देश करतात काय, यास अधिक वजन असते.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा पत्ता उपलब्ध झाला. १९६२ च्या लेखनविषयक नियमांप्रमाणे आपण ‘नागपूर’ असे दीर्घ लिहितो. हिंदीत ‘नागपुर’ असे ऱ्हस्व लिहितात. गाव एकच, पण संगणकाच्या लेखी ही दोन नावे भिन्न. शोधयंत्र असे लेखनभेद पुष्कळदा ओळखून घेते. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर जुळला तरच उघडतो.

मग खरे स्थळ ओळखावे कसे? पत्त्याचा आरंभ पाहू नये, शेवट पाहावा. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर ते शासकीय स्थळ. कारण हा शेवट केवळ शासकीय संस्थांनाच दिला जातो. नागपूर जिल्हा प्रशासनाचे स्थळ याच शेवटाचे आहे.

आपल्या कार्यालयांनीही एक पथ्य पाळावे. सूचनाफलकाचे छायाचित्र लावून थांबू नये. त्यातील अक्षरे शोधयंत्राच्या हाती सहसा लागत नाहीत. गाव, तालुका, जिल्हा, योजनेचे नाव व दिनांक सरळ मराठीत टंकलिखित करावे. खरी माहिती सापडली नाही, तर नागरिक खोट्या दारी जातो. ते दार बंद करणे आपल्या हाती आहे.