मातीतून गादीवर

श्रोतेहो, जालन्याहून भोकरदनकडे निघालं की वाटेत राजूर लागतं. टेकडीवरच्या गणपतीमुळे हे गाव साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. या भागातला माझा एक विद्यार्थी गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारतो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून तो चांगल्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पोचला. पण शालेय स्पर्धेत प्रथमच गादीवर उतरला आणि गुणांवर हरला. पाठ तर लागलीच नव्हती! घरी येऊन त्यानं लंगोट खुंटीला टांगला. म्हणाला, “गुरुजी, ही आपली कुस्ती नव्हे.”

मी त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेव्हा माती अंगाला लहानपणीच लागली. अंगापिंडानं खाशाबा लहानखुरे, पण चपळ. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. असा हा मातीतला नामांकित मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि तिथे गादीची कुस्ती खेळला. मातीत पाय रुततो, पकड बसते. गादीवर सारा वेग आणि गुणांचा हिशेब. फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला.

आता पाहा, बावीस वर्षांचा, गावोगाव नाव झालेला पैलवान. त्याला म्हणता आलं असतं, ही आपली कुस्ती नव्हे. खाशाबा तसं म्हणाले नाहीत. ते पुन्हा नवशिके झाले. चार वर्षं मेहनत केली आणि वरच्या वजनगटात उतरायची तयारी केली.

हेलसिंकीला जायचं तर पैसा हवा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले! १९५२ साली ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाली, ती त्यांनी गुणांवर गमावली. मग सोव्हिएत मल्लाकडूनही हार झाली. तरी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं!

आणि सुवर्णपदक जिंकणारे हे इशी कोण? मूळचे ज्यूदोवाले. महायुद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे त्या दिवशी समोरासमोर उभे राहिले ते दोघेही दुसऱ्यांदा नवशिके झालेले मल्ल होते.

ज्यूदोचाच एक फाटा ब्राझीलला गेला. माएदा नावाचे जपानी उस्ताद १९१४ साली तिथे पोचले. त्यांनी कार्लोस ग्रेसी या तरुणाला विद्या दिली आणि तीतून ब्राझीलची जिउ-जित्सू वाढली. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते. तिथे पाठीवर पडलेला गडीही डाव टाकून जिंकतो. पेच असह्य झाला की हातानं दोनदा थोपटायचं. हार कबूल! उठायचं आणि पुन्हा भिडायचं. नवशिक्याला पांढरा पट्टा; मग निळा, जांभळा, तपकिरी आणि अखेर काळा. तिथवर पोचायला बहुधा दहाएक वर्षं जातात. या वर्षांत सर्वांत जास्त घडते ती एकच गोष्ट, हरणं. त्याची लाज ज्याला वाटते, तो पांढऱ्या पट्ट्यावरच थांबतो.

हे सारं ऐकून आमचा पठ्ठ्या काही बोलला नाही. पण पुढच्या शनिवारी जालन्याला गेला, गादीवर उतरला आणि पुन्हा हरला. त्यापुढच्या शनिवारीही गेला. आता तो हरतो, पण कशानं हरलो ते येऊन मला सांगतो.

श्रोतेहो, त्याचं काम त्यानं सुरू केलं आहे. आता आपलं राहिलं. गावात एक गादी झाली, तर त्याला आठवड्यातून एकदा नव्हे, रोज हरता येईल. म्हणून मी पावती-पुस्तक छापून घेतलं आहे. घर गहाण टाका, असं मी कुणाला म्हणत नाही. दारी आलो तर रिकामा पाठवू नका, एवढंच.