हवेतले न दिसणारे पाणी
(शिरूर कासार येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



चैत्र-वैशाखात माठातले पाणी कसे गार लागते! तोच माठ, तेच पाणी. पण श्रावणात ते तितके गार होत नाही. असे का? माठ जुना झाला म्हणून नव्हे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाळते, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखात हवा कोरडी, म्हणून पाणी झटकन वाळते. श्रावणात हवेतच पाणी भरलेले असते. तिथे माठाचे पाणी वाळणार कसे? घरातल्या कूलरचेही तेच. आपल्याकडे एप्रिलात तो छान चालतो; मुंबईच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

हवेत पाणी असते, पण ते वाफेच्या रूपात असते म्हणून दिसत नाही. ह्यालाच आर्द्रता म्हणतात. आपण ओलावा म्हणू. किती ओलावा मावतो, ते हवा किती गरम आहे त्यावर ठरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी पेटी मनात धरा. तिच्यातली हवा २० अंश असेल तर सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांना ३० ग्रॅम, आणि ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे तीच १७ ग्रॅम वाफ पहाटेच्या गार हवेत काठोकाठ भरते, आणि दुपारच्या ४० अंशांत पेटी तिसरा हिस्साच भरलेली असते. पहिलीला आर्द्रता शेकडा १००, दुसरीला शेकडा ३३. बातम्यांत जो आकडा सांगतात तो हाच.

पेटी भरून वाहू लागली की दव पडते. थंडीत रात्री जमीन आणि पाने गार होतात, त्यांना लागलेली हवाही गार होते. तिला वाफ पेलवत नाही, मग थेंब धरतात. पाऊस पडतो तोही ह्याच रीतीने, फक्त उंचावर. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो आणि तिथेच पाणी टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि आपल्या बीड जिल्ह्यात सरासरी सहाशे-सातशे. डोंगर उतरून इकडे येणारा वारा पुन्हा गरम होतो, म्हणून ढग विरतात. ढग दिसले तरी पाऊस नाही, हे आपले नेहमीचे गाऱ्हाणे. त्याचे मूळ तिकडे घाटात आहे. पण कधी बंगालच्या उपसागराकडून ओली हवा थेट चाल करून येते, तेव्हा हिशेब उलटतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, आपल्या सिंदफणेला पूर आला, ते सांगायला नकोच.

आता माणसाच्या देहाचे पाहा. आपले अंगही माठासारखेच आहे. घाम वाळला तर अंग गार होते; नुसता गळाला तर नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर मोठा सरकारी समारंभ झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आपल्याला वाटेल, ३८ म्हणजे काय मोठे? आपण ४१-४२ मध्ये फिरतो. पण ती हवा खाडीकाठची, दमट. लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ माणसे गेली. आपल्यातले पुष्कळ लोक कामासाठी मुंबई-ठाण्याकडे जातात, त्यांनी नुसता पारा पाहू नये, ओलावाही पाहावा. आपली कोरडी हवा तरी भली आहे असे समजू नका. इथे घाम आला तसा वाळतो, म्हणून पाणी कमी झालेले कळत नाही. तहान लागायच्या आधीच पाणी प्यावे.

निर्जीव वस्तूही ओलावा पितात. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसते, मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतो. हलगी वाजवणारा आधी तिला जाळावर शेकून घेतो. ओलाव्याने कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून. उलट अंबाडीच्या दोराची बाज भिजली की ताणून बसते. दोर ओलाव्याने जाड होतो आणि लांबीला आखडतो. माणसाचा केसही दमट हवेत किंचित लांबतो. सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ च्या सुमारास केसावरच हवेचा ओलावा मोजायचे यंत्र केले होते. केवढी गंमत!

कापसाच्या धाग्याला मात्र थोडा ओलावा हवाच असतो. कोरड्या हवेत सूत तुटते. मुंबईत १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली, आणि पुढे तिथे गिरण्या वाढल्या. त्याला कारणे अनेक, पण समुद्राची दमट हवाही उपयोगी पडली. जिथे ती कमी पडे तिथे गिरणीत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडत.

आता आपल्या पोटाशी येऊ. कापूस विकायला नेला की तिथे ओलावा मोजतात. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे ओलावा वाढेल तसा भाव कमी. १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. पुष्कळांना वाटते, ओला कापूस वजनाला भरतो, तसाच विकावा. बरे, हिशेब करू. १२ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल कापसात १२ किलो पाणी आणि ८८ किलो माल. तोच ८ टक्क्यांवर वाळवला तर वजन सुमारे ९५ किलो ६५० ग्रॅम राहते. ओला विकला तर ४ टक्के भाव कापला जातो, म्हणजे ९६ किलोचे पैसे. फरक साडेतीनशे ग्रॅमचा! एवढ्यासाठी गाडी परत येण्याचा धोका घ्यायचा? आणि खासगी व्यापारी नुसता हात घालून "ओला आहे" म्हणतो व मनाला येईल तो कडता लावतो, तिथे तर नागवणूकच. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. यंत्र लावायला सांगा, काचेवरचा आकडा स्वतः वाचा. ढिगाच्या वरचाच नव्हे, आतलाही कापूस मोजायला लावा. मायबहिणींनो, वेचणी दव उठल्यावर, दहाच्या सुमारास सुरू करावी. पहाटेच्या दवातला कापूस गंजीत घातला तर आत गरम होतो आणि पिवळा पडतो.

सोयाबीनची हद्द १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात सरकारने ती १५ पर्यंत वाढवली होती. ती सवलत त्याच हंगामापुरती होती, हे ध्यानात असू द्या.

बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा आणि रिमझिम लागून राहिली तर कणसातून चिकट थेंब गळतात. हा अरगट. पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी होतात. त्या विषारी असतात. भाकरीतून पोटात गेल्या तर ओकारी, चक्कर येते. पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळून बियाणे त्यात टाकावे. गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळाव्या. खाली राहिलेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

राहिले घरचे धान्य. पूर्वी ज्वारी पेवात घालत, तिथे ओल लागली की सगळे पेव नासे. आता पत्र्याच्या कोठ्या आल्या, पण ओल काही कमी झाली नाही. जुनी माणसे दाणा दातांखाली धरून पाहत; कट्‌ असा आवाज आला तर वाळला. आणखी एक सोपी कसोटी आहे. कोरडी काचेची बाटली घ्या. तिच्यात मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून चांगली हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक समजावा. धान्य पुन्हा उन्हात टाकावे. चिकटले नाही, तरी आणखी एक-दोन उन्हे दिलेली बरी. आणि उन्हातून आणलेले गरम धान्य लगेच कोठीत भरू नये. रात्रभर घरात पसरून निवू द्यावे, मग भरावे. गरम भरले तर रात्री कोठीच्या झाकणाला आतून थेंब धरतात, आणि बुरशी पहिल्यांदा त्या वरच्या थराला लागते.