पिशवीचं माप

कोंडाण्याहून कर्जतला पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, सोनोग्राफीला निघालेल्या बाईला बजावलेलं असतं, "भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊ नका." रिक्षातल्या हादऱ्यांत ते किती जड जातं, हे सांगणाऱ्याला कुठून कळणार! पण कारण आहे. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं. आतड्यातल्या हवेपुढे ध्वनिलहरी अडतात, पाण्यातून मात्र आरपार जातात.

पोटावर गार जेल लागतं, पडद्यावर करडी आकृती दिसते. गर्भाशयाच्या माथ्यापासून मुखाच्या खालच्या टोकापर्यंत डॉक्टर दोन फुल्या ठेवतात. ती लांबी. मूल न झालेल्या तरुण बाईत ती साधारण 7 ते 8 सेंटिमीटर, रुंदी 4 ते 5, जाडी 3 ते 4. बाळंतपणानंतर प्रत्येक माप सेंटिमीटरभर वाढलेलं असतं, म्हणून "मुलं किती?" हा प्रश्न आधी येतो. त्यात टोमणा नसतो.

अहवालात पिशवी जरा लहान दिसली, की घरात कुजबुज सुरू होते. नुसत्या मापावरून मूल होईल की नाही, हे ठरत नाही. फार मोठी दिसली, तर फायब्रॉइडच्या गाठी आहेत का, ते पाहतात. चित्र स्पष्ट नसेल तर विवाहित स्त्रीची, तिच्या संमतीने, योनिमार्गातून तपासणी करतात. तेव्हा मात्र आधी लघवीला जाऊन यायचं.