श्रोत्यांकडे पाठ करून

मित्रहो,

आणि मागच्या रांगेत आतापासूनच गप्पांना लागलेले मित्रहो, तुम्हालाही नमस्कार. बोलत राहा, मी आज तुमचीच बाजू मांडणार आहे.

आपल्यापुढे एक ठराव आलाय : हॉटेलात, रिसॉर्टवर लोककलेचा कार्यक्रम चालू असताना गिऱ्हाइकांनी शांतता पाळावी. भावना कळते. जीव तोडून संबळ वाजवावं आणि समोरच्या टेबलावरून ‘अजून दोन रोटी’ ऐकू यावं, हे मीही भोगलंय. तरी या ठरावाला माझा विरोध आहे. का, ते सांगायला आयर्लंडच्या पबात जावं लागेल.

तिथलं लोकसंगीत काही मूळचं पबातलं नव्हे. ते स्वयंपाकघरात वाजे, चौरस्त्यावर वाजे, नाचणाऱ्यांसाठी. 1935 च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागला. पाद्रीही घरगुती नाचांवर डोळे वटारू लागले. महायुद्धानंतर बांधकामाच्या मजुरीला आयरिश माणसं लंडनला गेली. भाड्याच्या खोलीत फिडल कुठं वाजवणार? ती कॅम्डन टाउनच्या पबांत जमू लागली. ‘सेशन’ म्हणतात ती बैठक अशा ठिकाणी रुळली.

सेशनमध्ये वादक टेबलाभोवती गोल बसतात. तोंडं एकमेकांकडे, पाठ गिऱ्हाइकांकडे. एक चाल दोन-तीनदा फिरवायची, कुणी नजरेनं खुणावलं की न थांबता दुसरीत शिरायचं. मधूनच कान दिलेल्याचंही काही बुडत नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांच्या 1903 च्या संग्रहात 1,850 चाली आहेत, आणि मुरलेल्या वादकाला त्यांतल्या शेकडो पाठ असतात. अशा माणसाला दर्दी श्रोता शोधायला मान वळवावी लागत नाही. तो शेजारीच बसलेला असतो, त्याच्याही हातात वाद्य असतं.

मात्र कुणी ‘शान-नोस’ धरलं, म्हणजे साथीविना जुन्या ढंगाचं गाणं, की तोच गोंगाटी पब गप्प होतो. शेजारचेच ‘शू’ करतात. त्यासाठी कुणी ठराव केलेला नसतो.

आपला गोंधळ तरी काय? यजमानाची माणसं पेंगतात, पोरं झोपून जातात, गोंधळी पहाटेपर्यंत उभाच. तो देवीपुढे उभा असतो. ‘रसिक मायबाप’ हे नाटक-तमाशाच्या तिकिटाबरोबर आलेलं दैवत.

याचा अर्थ फुकट वाजवा असा नाही. पबमालक बहुधा दोघा-तिघांना पैसे देऊन बसवतो, बाकीचे हौसेनं येतात. पर्यटक वाढले की माइक येतो, त्याच चार गाण्यांची फर्माईश येते, गोल मोडून रांग होते. मग ती नोकरी झाली, आणि नोकरीला पगार लागतो. इंग्लंडात पूर्वी पबात दोघांनी वाजवलं तर चाले, तिसरा आला की वेगळा परवाना. वादकांची संघटना अशा परवान्यांवरून भांडली, आणि 2012 च्या कायद्यानं लहान जागांना मोकळीक मिळाली. गिऱ्हाइकांच्या तोंडाला कुलूप घाला, असं त्या कायद्यात काही नाही.

तेव्हा शांततेचं कलम काढा. त्याजागी लिहा : बिदागी कार्यक्रमाआधी हातात, बसायची जागा कलावंत ठरवणार, आणि आमच्या वेळेत भिंतीवरचा टीव्ही बंद. माणसांच्या बोलण्यावर संबळ चढवता येतं. क्रिकेटच्या समालोचनावर चढवायची माझी तयारी नाही.