मुळांवरच्या गाठी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी ओळख 'आयटीवाली' अशी करून दिली, पण आज मी संगणकावर बोलणार नाही. आपल्यातले कितीतरी जण शेती करतात, म्हणून आमच्या संगमनेरच्या वावरातली एक गोष्ट सांगते.

आठवतंय का, जीवशास्त्राच्या बाईंनी आपल्याला हरभरा उपटायला लावला होता? मुळांवरच्या गाठी दाखवून त्या म्हणाल्या होत्या, "हे पिकाचे मित्र." पुढे कित्येक वर्षांनी दादाच्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या, तेव्हा मला तेच आठवलं. पण हरभऱ्याची गाठ नखाने सहज निघते, फोडली तर आत गुलाबीसर असते. टोमॅटोची गाठ निघेना, कारण मूळच सुजलं होतं. ते होते निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी.

आणि मनाला लागलेली गोष्ट अशी, की ते बियाणं मीच सुचवलं होतं. पुण्यात बसून, इंटरनेटवर वाचून. 'निमॅटोड प्रतिरोधक' वाण. फेब्रुवारीअखेर लावण झाली आणि एप्रिलात झाडांनी माना टाकल्या. दादा मला एका शब्दाने बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आमच्या कामात एकच एरर दिसते, पण तिची कारणं दहा असू शकतात. इथेही तसंच आहे. गाठ हे लक्षण झालं. ती करणारा कोण, हे वेगळं शोधावं लागतं. टोमॅटो-डाळिंबावर बहुधा 'इन्कॉग्निटा' ही प्रजाती असते. तिची मादी नराशिवाय अंडी घालते, तरीही तिच्यात भेद आहेत. शास्त्रज्ञांनी तिचे चार वंश मानले: कापूस आणि तंबाखूच्या ठरावीक वाणांवर कोण जगतो, कोण नाही, यावरून. पेरूवर येणारी 'एन्टेरोलोबी' 1983 साली चीनमधून नोंदली गेली. टोमॅटोतलं नेहमीचं प्रतिकारक जनुक तिला अडवू शकत नाही. आमच्या अकोल्याच्या भातवाल्यांसाठी सांगते, भातावरची 'ग्रॅमिनिकोला' 1965 साली अमेरिकेतल्या लुइझियानातून नोंदली गेली. ती मुळाच्या आतच अंडी घालते, म्हणून खाचरात पाणी साचलं तरी तिची पिढी पुढे चालते.

दादाच्या शेतातला नमुना तपासून घेतला. इन्कॉग्निटाच निघाली. म्हणजे वाण फसवं नव्हतं. पण मातीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की ते जनुक ढिलं पडतं, आणि आपला एप्रिल तुम्हाला माहीत आहेच. बहुधा तिथेच घात झाला. पाकिटावरचं मी वाचलं होतं, माती मात्र विचारात घेतली नव्हती.

म्हणून हात जोडून सांगते. शेजाऱ्याला लागू पडलेलं औषध आपल्यालाही लागू पडेल, असं धरून चालू नका. डाळिंब काढून पेरू लावायचा विचार असेल, तर आधी रोपाची पिशवी फाडून मुळं बघा. गाठी दिसल्या तर ते रोप वावरात नेऊ नका. बागेत चार-पाच ठिकाणची, मुळांजवळची ओलसर माती आणि बारीक मुळं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, उन्हात ठेवू नका, आणि तपासायला द्या. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे.

यंदा दादाने त्या वावरात झेंडू लावलाय. झेंडूची मुळं बऱ्याच सूत्रकृमींना वाढू देत नाहीत. सगळ्यांना नाही, हे आता आम्ही दोघंही जाणतो. लावण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं, "तुझं काय मत?" मी म्हटलं, "आधी मुळं बघू."

बाई, ही सवय तुमची.