हजेरीतलं नाव



एरवी मी या केंद्रावर येते ती बचत गटाचं काहीतरी घेऊन. कर्जाची परतफेड, बँकेचे कागद, नाहीतर पापडाला उडीद कुठून आणायचे ते. आज त्यातलं काही नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे. लाल पेनानं झालेली. पण ती कळायला आधी एका आजाराची ओळख करून द्यावी लागेल, कारण तुमच्यातल्या बहुतेकींनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल.

आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच डॉक्टरांनी तो नीट अभ्यासून लिहून ठेवला, त्यांचंच नाव त्याला पडलं. आम्ही घरचे लोक नुसतं ड्युशेन म्हणतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. स्नायू धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयारच होत नाही, म्हणून स्नायू झिजत जातात. पोर उशिरा चालतं, सारखं पडतं. पोटऱ्या मात्र फुगीर दिसतात, म्हणून बायका कौतुक करतात, कसा पैलवान आहे बघा. जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत, अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. एवढं एक लक्षण तरी लक्षात ठेवा. दहा-बारा वर्षांच्या सुमारास चालणं थांबतं. मग हात, मग श्वास आणि हृदय. पूर्वी ही मुलं विशीच्या आसपास जायची. आता स्टेरॉइडच्या गोळ्या, हृदयाची औषधं, रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र, यांनी आयुष्य वाढलंय. पण आजार मुळापासून जाईल असं औषध अजून नाही.

माझा धाकटा भाऊ ड्युशेनचा होता. अठराव्या वर्षी गेला. इथं येण्याआधी आईला विचारलं, त्याचं नाव सांगू का. ती म्हणाली, नाव घरात घे, रेडिओवर नको. म्हणून सांगत नाही.

आपल्याकडे बाईला तिच्या स्वतःच्या नावानं कोण हाक मारतं? अमक्याची आई, तमक्याची आई. थोरली मी असले तरी गल्ली माझ्या आईला भावाच्याच नावानं ओळखायची, मुलाचं नाव ना. तो गेला, तेराव्याचं झालं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन माझं नाव घेऊन म्हणाल्या, "अगं, हिची आई, आहेस का घरात?" चांगल्या मनानंच म्हणाल्या. त्याचं नाव घेतलं तर हिला लागेल असं त्यांना वाटलं. आई भांडी घासत होती, तिनं 'ओ' दिली. रात्री अंथरुणावर मला म्हणाली, "माझं नावपण घेऊन गेला गं तो."

तेव्हा मी बाविसाची होते. मला ते वाक्य पुरतं कळलं नाही. दुसऱ्या एका गोष्टीची चीड मात्र कळायची. आमची आजी म्हणायची, हे हिच्या माहेरचं दुखणं. तिचं म्हणणं विज्ञानाच्या जवळून गेलं, पण दोष लावण्यात चुकलं. हा दोष 'एक्स' नावाच्या गुणसूत्रात असतो. बाईला दोन एक्स असतात, एक बिघडलं तरी दुसरं बहुतेक वेळा सांभाळून घेतं. मुलाला एकच एक्स, तेही आईकडून आलेलं. त्यामुळे आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आणि सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये आई वाहकही नसते, बदल नव्यानंच झालेला असतो. यात कुणी केलेलं काहीच नाही. ना उपास मोडला, ना ग्रहणात भाजी चिरली. आईचं आणि माझं रक्त पुढं तपासून झालं. आम्ही दोघीही वाहक आहोत. अशा बायकांनी स्वतःचं हृदयही अधूनमधून तपासून घ्यायचं असतं, ते आम्ही घेतो. असो, त्यावर पुन्हा कधीतरी बोलेन.

सहा वर्षांपूर्वी एका गटाच्या बैठकीत सतरंजी आणायला एका ताईंचा पाच वर्षांचा मुलगा उठला. मांड्यांवर हात टेकत उठला. मी इतिवृत्त लिहीत होते, पेन तसंच राहिलं. काय बोलणार? त्या दिवशी काहीच बोलले नाही. आठवडाभर झोप नव्हती, मग त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं की याला मोठ्या दवाखान्यात दाखवू, मी येते बरोबर. रक्तातली सीपीके तपासणी झाली, मग जनुकाची. तेच निघालं. तिथल्या बाकड्यावर आणखी दोन आया भेटल्या. असं करत आज तीन तालुक्यांतली अकरा घरं आम्ही एकमेकींना धरून आहोत. दर तीन महिन्यांनी समाजमंदिरात जमतो, कारण तिथं दाराला पायऱ्या नाहीत. वडील लोक बहुतेक वेळा बाहेर मोटारसायकलींपाशी उभे असतात, पण येतात.

मी गटाची बाई, त्यामुळे हजेरीवही आलीच. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे आईची सही. त्या वहीत मी चूक केली.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातला सर्वांत मोठा मुलगा छातीत कफ साठून गेला. एकोणीस वर्षांचा. फोनवरच्या आमच्या ग्रुपवर बातमी आली आणि सगळं गप्प झालं. एरवी औषधाची एक गोळी मिळाली नाही तर चाळीस निरोप येतात. त्या दिवशी हात जोडल्याचं चित्रसुद्धा दोघींनीच टाकलं. माणुसकी नव्हती असं नाही. प्रत्येकीनं आपल्या पोराकडे बघितलं आणि फोन पालथा ठेवला. मीही ठेवला.

पुढच्या बैठकीआधी मी वही नीट करायला बसले. गटात एखादी बाई सोडून गेली की आपण काय करतो? हिशेब पुरा करतो, नावावर लाल रेघ मारतो, बाजूला तारीख घालतो. हाताला तीच सवय. त्या मुलाच्या नावावर मी पट्टीनं सरळ लाल रेघ मारली.

त्या ताई येणार नाहीत असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, या असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या आल्या. मुलाची चाकाची खुर्ची आणि हवेची गादी टेम्पोत घालून आल्या, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. सामान उतरवलं आणि सवयीनं सही करायला वहीपाशी गेल्या. मी वही ओढून घेईपर्यंत त्यांनी रेघ बघितली होती. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग मी आता कोणाची आई म्हणून बसू?"

मैत्रिणींनो, पंधरा वर्षांपूर्वी आईनं अंथरुणावर म्हटलेलं वाक्य मला तिथं कळलं. शेजारच्या काकूंना मी मनातल्या मनात किती वर्षं नावं ठेवली होती, आणि मी काय वेगळं केलं?

मी माफी मागितली, सगळ्यांसमोर. लाल रेघ खोडता येत नाही, म्हणून ते पान तसंच ठेवून पुढच्या पानावर सगळी अकरा नावं नव्यानं लिहिली. त्यांनी सही केली. दर बैठकीला करतात.

यानं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. एका मुलाची आई, जिचा मुलगा अजून धावतो, सायकल चालवतो, ती म्हणाली की मला त्या ताईंकडे बघवत नाही, बघितलं की पुढचं दिसतं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. हे दुःख हप्त्याहप्त्यानं येतं. जिना सुटला तेव्हा एक, चालणं सुटलं तेव्हा एक, हातानं घास घेता येईना तेव्हा एक. तिचा पहिलाच हप्ता चालू होता. आता आम्ही आधी कामाचं बोलतो, दिव्यांग प्रमाणपत्र, डॉक्टरांची तारीख, शाळेतला त्रास. मग चहा. गेलेल्या मुलाची आठवण चहानंतर, ज्यांना थांबायचं त्यांनी थांबायचं. तरीही ती आई पुढं आली नाही. तिला मी अधूनमधून फोन करते.

खुर्चीचंही सोपं नव्हतं. आमच्यातल्या एका मुलाचं चालणं त्याच महिन्यात थांबलं होतं, खुर्चीची गरज त्यालाच. त्याची आजी म्हणाली, गेलेल्या पोराची खुर्ची आमच्या उंबऱ्याच्या आत नको. आम्ही बाया समजावत बसलो. तेवढ्यात तो मुलगाच म्हणाला, "दादाच्या खुर्चीचे ब्रेक भारी आहेत, मला माहितीये." दादा गेला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. 'गावाला गेलाय' असं सांगायचं ठरलं होतं. पण ही पोरं फोनवर एकमेकांशी खेळतात, आमच्याआधी त्यांना कळलं होतं. आजी गप्प बसली. खुर्चीवर मागच्या बाजूला दादानं वाघाचं चित्र चिकटवलं होतं, ते काढू का असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, राहू दे.

मग त्या ताईंनी जे शिकवलं ते आमच्या वहीत कुठंच नव्हतं. कोपराखाली उशी किती जाड हवी. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस कशी बदलायची, की पोर जागंही होत नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं म्हणाला तर ते झोपेत श्वास कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना लगेच सांगायचं. कफ साठला तर दोन दिवस वाट बघायची नाही, हे सांगताना त्या थोडं थांबल्या. स्टेरॉइडची गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. कुठल्याही ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी आजाराचं नाव सांगायचं, कारण भुलेची काही औषधं या मुलांना चालत नाहीत. इतक्या वर्षांचं शिक्षण होतं ते, आणि आम्ही त्यावर रेघ मारून मोकळ्या झालो होतो. दर वाक्यात त्या मुलाचं नाव येत होतं. तो असं करायचा, त्याला असं आवडायचं. कुणी विषय बदलला नाही.

मी घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. तिनं पुढच्या वेळी मला पण ने म्हटलं. आली. माझ्या भावाला जाऊन इतकी वर्षं झाली, तो आमच्या वहीत कधी नव्हताच. पण तिनं वही मागून घेतली, शेवटच्या नावाखाली त्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, पुढं सही केली. बारा नावं झाली. आता आमच्या समाजमंदिरात तिला त्याच्याच नावानं हाक मारतात, आणि ती पहिल्या हाकेला 'ओ' देते.

येत्या ७ सप्टेंबरला ड्युशेनचा जागतिक दिवस आहे. डिस्ट्रोफिनच्या जनुकाचे ७९ भाग असतात, म्हणून सातवी तारीख आणि नववा महिना. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही जमणार आहोत. तुमच्या गल्लीत, वस्तीवर कुणाचं पोर मांड्यांवर हात टेकत उठत असेल तर त्याच्या आईला निरोप द्या. आणि जिचं पोर गेलं आहे, मग ते कधीही गेलेलं असो, तिलाही द्या. निरोप देताना हाक मात्र त्याच्या नावानं मारा. चहाचं दूध त्या ताई आणणार आहेत, तेव्हा दूध आणू नका. कप तेवढे आमच्याकडे कमी पडतात.